डाव्या हातातली मासोळी

लग्नात नवऱ्या मुलानं नवरीचा चेहरा चोरून पाहायचा असतो. मी हात पाहिला. त्यात रसिकता वगैरे काही नव्हती. अक्कलकोटात, ऐन मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवाखाली बसलो होतो. घाम मुंडावळ्यांतून थेट डोळ्यांत उतरत होता आणि मान वर करायची सोय नव्हती. खाली मान घातली की समोर तिचा डावा हात. हिरवा चुडा जिथं संपत होता त्याच्या जरा वर, कातडीखाली, काहीतरी टुणटुण उडत होतं.

भटजी मंत्र म्हणत होते. मी तिच्याकडं झुकून म्हणालो, "तुमच्या हातात काहीतरी वळवळतंय."

आमच्या संसारातलं हे पहिलं वाक्य.

ती मान न हलवता म्हणाली, "मासोळी हाय ती. लहानपणापासनं हाय. तुम्ही भटजींकडं बघा की."

त्या दिवशी मी आणखी एक डावा हात पाहिला. सासरे फार आधी गेलेले. कन्यादान चुलत्यांनी केलं. अक्षता पडल्या, बँड वाजला, पंगत बसली, तरी सासूबाई कुठं दिसेनात. शेवटी पाया पडायला म्हणून आम्हाला आत नेलं, तर त्या कोठीच्या दारात उभ्या. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. आशीर्वाद द्यायला हात बाहेर काढावे लागले, तेव्हा दिसलं. हातात बांगडी नाही, त्यामुळं मनगटाच्या वर उडणारी मासोळी लेकीपेक्षाही ठळक. लेक त्यांच्याकडं पाहत होती आणि त्या जमिनीकडं. मी तेव्हा तरुण होतो, भूक लागली होती, जिलेबीचा वास येत होता. पाहिलं आणि विसरलो. ती मात्र विसरली नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

सोलापुरात चाटी गल्लीत आमचं चादरी-टॉवेलांचं दुकान. गिऱ्हाईकासमोर चादर अशी हवेत उडवायची की ती पंख्यापर्यंत जाऊन, जरा थांबून, अलगद गादीवर उतरावी, एवढीच काय ती कला देवानं मला दिली. तेवढ्यावर मी स्वतःला नट समजतो. घरी आल्यावर गादी नव्हती, प्रेक्षक होते. पाहुणे आले की चहा व्हायच्या आत मी तिचा डावा हात मागून घ्यायचो.

प्रयोग असा. वाटाण्याएवढा कणकेचा गोळा त्या उडत्या जागेवर चिकटवायचा, गोळ्यात केरसुणीची एक बारीक काडी उभी करायची. मासोळी उडाली की काडी मान डोलवायची. मग मी काडीला प्रश्न विचारायचो.

"आमच्या मंडळींच्या हातची भाकरी चांगली होते का?"

काडी डोलायची. होय, होय, होय.

"माझ्यासारखा नवरा साऱ्या जिल्ह्यात मिळाला असता का?"

होय, होय. पाहुणे हसायचे. ती कपाळाला हात लावायची, पण उजवा. डावा तसाच स्थिर धरून ठेवायची, काडी पडू नये म्हणून.

"उद्या नळाला पाणी येणार का?"

होय.

एक मित्र म्हणाला, "का बे, हिला महापालिकेत चिकटव की. कशालाच नाही म्हणत न्हाय."

लेक लहान असताना शाळेतून आली की दप्तर फेकून आईच्या हातावर काडी उभी करायची आणि विचारायची, "उद्या शाळेला सुट्टी आहे का?" आई म्हणायची, "काडी खोटं बोलती बाई. तुझ्या बापाच्या हातात राहून बिघडली."

एकदाच त्या मासोळीनं आम्हाला घाबरवलं होतं. लेकीच्या वेळी दवाखान्यात सलाईन लावायचं होतं. नर्सबाईंना शीर सापडेना. त्यांनी हात थोपटला, दाबला, आणि मनगटाच्या वर छान टपोरी दिसली तिच्यात सुई घातली. सलाईन खाली यायचं, त्याऐवजी रक्तच नळीतून वर चढायला लागलं, लालभडक, ठोक्याठोक्यानं. नर्सबाई पांढऱ्या पडल्या. सुई काढून कापसाचा बोळा दाबून बसल्या आणि कितीतरी वेळ सोडेनात. मी बाहेर येऊन ही हकीकत रंगवून सगळ्यांना सांगितली. तिचं रक्त माहेरच्या लोकांसारखं, उलट दिशेनं जातं, असंही म्हणालो. हसले सगळे. तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही, की असं का झालं.

लेकीच्या वेळेपासूनच तिचं ब्लडप्रेशर वाढलं ते उतरलं नाही. गोळ्या चालू, बंद, पुन्हा चालू. पाय सुजायला लागले तेव्हा आम्ही उभं राहून सुजले म्हणालो. तोंड सुजलं तेव्हा झोप जास्त झाली म्हणालो. मळमळायला लागलं तेव्हा कुठं तपासण्या झाल्या आणि कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत. माझी किडनी देतो म्हणालो, तर माझ्या साखरेनं माझंच नाव कापलं. लेकीची घ्यायला ती तयार नव्हती. या विषयावर घरात एकदाच बोलणं झालं आणि ते तिनं एका वाक्यात संपवलं. "तिचं अजून सगळं व्हायचंय."

डायलिसिस करायचं तर रक्त जोरात बाहेर काढून, मशीनमधून धुऊन, परत आत सोडावं लागतं. साध्या शिरेत तेवढा जोर नसतो. म्हणून हातात छोटं ऑपरेशन करून धमनीला शीर जोडतात. धमनीचा जोर शिरेत शिरतो, महिन्या-दोन महिन्यांत शीर दोरीसारखी जाड होते, आणि मग तिच्यात जाड सुया घालता येतात. त्याला फिस्टुला म्हणतात. हे सगळं आता मी चादरीच्या वाणांसारखं घडाघडा सांगतो. तेव्हा आम्हाला एकच कळलं होतं, हात तपासायचाय.

ऑपरेशन करणारे डॉक्टर तरुण होते, माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी तिच्या हातावर थंडगार जेली लावली आणि मशीनचं टोक दंडावरून खाली फिरवलं. पडद्यावर लाल-निळं काहीतरी लुकलुकत होतं. ते काखेकडं गेले, परत कोपराकडं आले, परत काखेकडं.

"काकी, तुमची पाइपलाइन वेगळीच आहे," ते म्हणाले.

मी खुर्ची पुढं ओढली.

"काका, असं बघा. टाकीवरनं मोठा नळ येतो, चौकात आल्यावर त्याचे दोन फाटे होतात, एक या गल्लीत, एक त्या गल्लीत. हाताचं तसंच असतं. दंडातून एक मोठी धमनी येते. कोपराशी तिचे दोन फाटे, एक अंगठ्याकडं, एक करंगळीकडं. काकींच्या हातात ते फाटे चौकात नाही, टाकीपाशीच फुटलेत. काखेजवळ. आणि त्यातला एक खोल जायचा सोडून कातडीखालून वरवर चाललाय. हा बघा, इथं उडतोय तो."

"मासोळी," मी म्हणालो.

"काय?"

"काही नाही. डॉक्टर, तुम्ही सोलापूरचेच ना? नळाचंच उदाहरण सुचलं म्हणून विचारलं."

ती म्हणाली, "म्हणजे आमच्या हाताला बी पाणी चार दिवसांआडच की."

डॉक्टर हसले. मग त्यांनी दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं, त्यांनाही दाखवलं. हात पुढं धरून ती बसली होती, पाहुण्यांपुढं बसायची तशीच. मी नर्सबाईंची गोष्ट सांगितली. डॉक्टरांचं हसू गेलं. म्हणाले, नशीब, सुईतून औषध गेलं नव्हतं. काही औषधं धमनीत गेली तर बोटं काळी पडतात. इतकी वर्षं रंगवून सांगितलेली माझी एक गोष्ट तिथल्या तिथं मेली.

"आजार आहे का हा?" मी विचारलं.

"आजार नाही. रचनाच अशी. पुष्कळांच्या हातात असते थोडीफार वेगळी. कळत नाही, कारण कधी कामच पडत नाही."

"आता पडलंय," ती म्हणाली.

मग त्यांनी उजवा हात पाहिला. उजव्या हातातही फाटे वरच फुटलेले, आणि दोन्ही इतके बारीक की जोडायला काही हाती लागणार नाही. डाव्या हातातली वरवरची धमनी त्या मानानं बरी होती. एका मोठ्या नळाऐवजी दोन बारीक नळ, त्यातला एक वापरायचा, असा हिशेब. "डाव्यावर करू," ते म्हणाले. "पण काकी, आमच्याकडं दुसरा हात राखीव असतो, तसा तुमचा नाही. हा बंद पडला तर मानेत नळी घालावी लागेल, आणि ती नळी म्हणजे जंतूंना उघडं दार. हा हात जपा. बाकी घरात काय फुटलं-तुटलं तरी चालेल, हा हात जपा."

ऑपरेशन झालं. टाके निघाले. एका सकाळी तिनं मला हाक मारली आणि डावा हात माझ्या कानाला लावला. आत घुर्र असा आवाज येत होता, न थांबता. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. शेजारी राहायला आल्यावर पहिले काही दिवस झोप लागत नाही आणि मग बंद पडले तर झोप लागत नाही, तो आवाज. तसाच, पण आतून येणारा. डॉक्टरांनी सांगितलं, हाच आवाज म्हणजे फिस्टुला जिवंत. रोज ऐकायचा.

मी कणकेचा गोळा आणि काडी घेऊन आलो. काडी आता मान डोलवत नव्हती, नुसती थरथरत होती.

"बघितलंत," ती म्हणाली, "तुम्हाला घाबरली शेवटी."

नियमांचा एक कागद मिळाला होता. डाव्या हातानं ओझं उचलायचं नाही. त्या कुशीवर झोपायचं नाही. ब्लडप्रेशर, सुई, घड्याळ, काही नाही. बांगड्या नाहीत. बाकी सगळं तिनं एकदा वाचून सोडून दिलं. बांगड्यांपाशी थांबली. मग मोरीत जाऊन साबण लावून डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि धुऊन उजव्या हातात चढवल्या. उजवा हात मनगटापासून कोपराकडं निम्मा भरला. भाकरी थापताना सगळं घर किणकिणायचं, आणि डावा हात पदराखाली.

मी म्हणालो, "एका बाजूनं लग्नघर आणि दुसऱ्या बाजूनं..." आणि थांबलो.

"म्हणा की."

"नको."

"मीच म्हणते. उजवीकडनं बघितलं तर तुम्ही हाईत. डावीकडनं बघितलं तर गेलात."

एवढं आयतं हाती दिल्यावर मी सोडतोय होय? मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन डोळे फिरवून भिंतीला टेकायचो, आणि टुणकन उजव्या बाजूला येऊन नमस्कार करायचो. डायलिसिसला जाताना रिक्षात चढताना, भाजीवाल्यासमोर, कुठंही. ती म्हणायची, "अहो, लोक बघायला लागलेत." पण मी विसरलो तर आठवणही करायची. "आज डावीकडं मेला न्हाईत."

अशी काही वर्षं गेली, आणि ती वाईट नव्हती. सोलापूरचा उन्हाळा, आणि तिला पाणी वाटीनं मोजून. बर्फाचा खडा गालात धरून बसायची. शेंगा-चटणी बंद, अक्कलकोटच्या बाईला शेंगा-चटणी बंद. भावजयीनं माहेराहून पाठवलेला डबा उघडून नुसता वास घ्यायची आणि माझ्यापुढं सरकवायची. सकाळी मी हाताला कान लावायचो. "चालू हाय का माग?" ती विचारायची. "दोन शिफ्टमध्ये," मी म्हणायचो.

मग लेकीचं लग्न ठरलं.

लग्नात नवरीला चुडा भरतात त्या दिवशी घरातल्या सगळ्या सवाष्णींनी हिरव्या बांगड्या भरायच्या. आईनं तर भरायच्याच. हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि मी तयारीत होतो. नाटकातल्या माणसाला सामान जमवायची सवय असते. मी आमच्या नेहमीच्या कासारणीकडं गेलो. ती बायकोची जुनी ओळखीची, घरी येऊन बांगड्या भरणारी. तिच्याकडून फुटलेल्या हिरव्या बांगड्यांचे अर्धे तुकडे मागून घेतले, कडा घासून घेतल्या, आणि लांब बाहीच्या ब्लाउजच्या कडेला ओळीनं शिवून घेतले. हात खाली सोडला की समोरून पाहणाऱ्याला भरलेला चुडा दिसावा, आणि आत मनगट मोकळं. मी स्वतः ते ब्लाउज घालून आरशासमोर हात हलवून पाहिला. फसवणूक उत्तम जमली होती.

तिला दाखवलं. तिनं बाहीवर बोट फिरवलं आणि ब्लाउज खाली ठेवलं.

"अहो, फुटक्या बांगड्या हाईत ह्या."

"अगं, अर्ध्या आहेत. दिसायला..."

"लेकीच्या लग्नात मी फुटक्या बांगड्या घालून उभी राहू?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कासारणीलाही तेव्हा वाटलं असणार, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला ती काय बोलणार? मी ते ब्लाउज ट्रंकेत टाकलं. मग ठरलं की मोठ्या मापाच्या, ढगळ्या, प्लॅस्टिकच्या हिरव्या बांगड्या घालायच्या. ती हो म्हणाली. फार लवकर हो म्हणाली.

माझी थोरली बहीण, आक्का, लग्नाच्या आधीच येऊन राहिली होती. आक्का म्हणजे सोवळं-ओवळं, मुहूर्त, शकुन सगळं चालतं-बोलतं. मला भीती तिचीच होती. पण चुड्याच्या दिवशी दुपारी मी दुकानातून आलो तर आक्का दारातच.

"अरे, जा आत. तुझी बायको ऐकत नाही माझं. मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणतोय तर राहू दे की, देव काय बांगड्या मोजत बसलाय? माझ्याकडं बघून हसली नुसती."

आत कासारीण पाय मुडपून बसली होती. समोर बांगड्यांच्या माळा. लेकीचा चुडा भरून झाला होता, हळदीचे हात सांभाळत ती आईशेजारी बसली होती आणि मला बघून तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखे भाव आले. "बाबा, सांगा ना हिला."

कासारणीनं लेकीच्या आईचा डावा हात हातात घेतला होता. बोटं एकत्र करून, तळहात दाबून, एक बांगडी अंगठ्याच्या मुळापर्यंत आली होती.

"हात सैल सोडा, वहिनी," कासारीण म्हणाली. ती सगळ्यांनाच तसं म्हणते. हात आवळला की काच फुटते.

"ठरलं काय होतं?" मी म्हणालो.

"तुम्ही बसा."

"अगं, हा एकच हात..."

"माहीत हाय मला. माझाच हाय की." मग जरा हळू म्हणाली, "माझ्या लग्नात आई कोठीच्या दारात होती. मी सगळा वेळ तिकडंच बघत होते. तुम्ही हात बघत होता माझा, मी तिचा. माझ्या लेकीनं अक्षतांना मान वर करून बघितलं तर तिला काय दिसायला पाहिजे?"

"तुझा नवरा जिवंत आहे," मी म्हणालो. "हा काय, समोर उभा आहे."

"म्हणूनच की."

बांगडी आत गेली. मग दुसरी. मोठं माप घे म्हणून मी कासारणीला सांगितलं. तिनं सांगितलं की वहिनींनीच नेहमीचं माप मागितलंय, ढगळ्या बांगड्या खाली घसरून दुसऱ्याच्या वाटतात. मी बसलो. लेक रडायला लागली तेव्हा तिची आई म्हणाली, "गप. हळद ओली हाय अजून."

लग्नात ती सुंदर दिसली. हे मी नवरा म्हणून सांगत नाही, नट म्हणून सांगतो. रंगमंचावर कुठं उभं राहायचं हे तिला त्या दिवशी कळलं होतं. अक्षतांच्या वेळी ती अंतरपाटाच्या बाजूला, अगदी पुढं, दोन्ही हात समोर धरून उभी. दोन्ही हिरवे. लेकीनं मान वर केली आणि आईकडं पाहिलं. त्या क्षणी आपण दोघींच्या मध्ये येऊ नये एवढी अक्कल मला होती.

लग्नाच्या धावपळीत त्या आठवड्यातलं एक डायलिसिस पुढं ढकललेलं. ऊन रणरणतं. अख्खा दिवस ती उभी. लेक सासरी गेल्यावर तिनं डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि उजव्या हातात घातल्या. मनगटावर बारीक वळ उठले होते. मी कान लावू म्हणालो. "सकाळी," ती म्हणाली. "थकलेय आज."

सकाळी मी उठलो तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती, उजवा तळवा डाव्या हातावर ठेवून. मागच्या गल्लीत माग सुरू झाले होते. मी वाकून कान लावला. आवाज आला, आणि हायसं वाटलं. मग कळलं, तो गल्लीतला आहे. मी दुसरा कान बोटानं बंद केला. आत काही नव्हतं.

"बंद हाय," ती म्हणाली. "मघाशीच बघितलं मी."

त्याच दिवशी ऑपरेशन करून गुठळी काढायचा प्रयत्न झाला. डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला. धमनी मुळातच बारीक, त्यात आता ती आतून आक्रसली होती. पुन्हा उघडली तर लगेच बंद होत होती. तिला बाहेर आणलं तेव्हा ती शुद्धीत होती. तिनं विचारलं, "बांगड्यांनी गेलं?"

"तसं नेमकं सांगता येत नाही, काकी. दगदग झाली, पाणी कमी, ब्लडप्रेशर उतरलं असेल. बांगड्याही. सगळं मिळून."

डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "बांगड्यांनीच गेलं. त्यांनी उगा माझ्यासाठी तीन कारणं जास्त काढली." मग छताकडं बघत म्हणाली, "तुम्ही परत विचारलंत तर मी परत भरीन. तेव्हा विचारू नका."

मी विचारलं नाही. अजूनही विचारत नाही, मनातसुद्धा.

मानेत नळी बसली. पदराखाली पांढरी पट्टी, तिच्यातून बाहेर डोकावणारी दोन टोकं. मी म्हणालो, "हे काय, मंगळसूत्राला जोडीदार." ती हसली, पण नळी ओढली जाते म्हणून थोडंच. डावा हात आता मोकळा होता, त्याला कसलाच नियम नव्हता. ओझं उचला, उशाला घ्या, काही करा. तिनं त्या हातात बांगड्या घालायला हरकत नव्हती. तिनं घातल्या नाहीत. बहुतेक सवय गेली होती.

मी एकदा गुपचूप कणीक आणि काडी घेऊन बसलो. पूर्वीची मासोळी तरी उरली असेल, असं वाटलं होतं. काडी उभी राहिली. हलली नाही. ती झोपली आहे असं मला वाटत होतं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "काय विचारलंत तिला?"

"काही नाही."

"मग ती तरी काय बोलणार?"

दोनदा ताप आला आणि गेला. तिसऱ्यांदा थंडी वाजून आला. रक्तात जंतू पसरले होते, त्याच उघड्या दारातून. दिवाळीनंतर, हुरड्याच्या सुरुवातीला, ती गेली.

सवाष्ण गेली की तिला हिरवं नेसवतात, हळद-कुंकू, ओटी, आणि हिरव्या बांगड्या. बायका आत होत्या, पुरुष बाहेर. आक्कानं मला आत बोलावलं, कारण लेक कुणालाच आईजवळ जाऊ देत नव्हती. मी जाऊन लेकीचा हात धरला. कासारीण आली होती. चप्पल बाहेर काढून, माळा पिशवीतून काढून, ती तिच्याजवळ नेहमीसारखी पाय मुडपून बसली. आधी उजवा हात भरला. मग डावा हात उचलून मांडीवर घेतला.

"जपून," मी म्हणालो. "त्या हाताला जपून."

कासारीण थांबली. तिनं आक्काकडं पाहिलं. आक्कानं तोंडाला पदर लावला आणि नुसती मान हलवली, भर म्हणून.

कासारणीनं बोटं एकत्र केली. तळहात दाबला. तो आता तितकासा दबत नव्हता. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली तेव्हा ती अगदी हलक्या आवाजात, रोजच्यासारखी, म्हणाली, "हात सैल सोडा, वहिनी."

म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं. ती तशीच हात धरून बसून राहिली आणि तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. मग तिनं तेल मागितलं, आणि तेल लावून एकेक बांगडी घातली. एकही फुटली नाही. नेहमीचंच माप होतं.

उचलायची वेळ झाली. मी तिच्या डाव्या बाजूला गुडघे टेकून बसलो. लोकांना वाटलं, नमस्कार करतोय. मी वाकून हाताला कान लावला. बांगड्या मधे होत्या. कानाला काच लागली, गार.